रिपोर्ट परत येतोय तो इंग्रजीमुळे नाही

"ताई नमस्कार, मी सातारा जिल्ह्यातली, मेकॅनिकल डिप्लोमा झालाय, चाकणला ऑटो पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. तीन वर्षं लाइनवर इन्स्पेक्शन केलं, आता कस्टमर कम्प्लेंट बघायला दिल्यात त्यामुळे सारखे रिपोर्ट लिहावे लागतात. प्रॉब्लेम शोधायचं मला टेन्शन नाही, ते जमतं. पण रिपोर्ट पाठवला की मॅनेजर सर 'मुद्दा काय आहे?' एवढंच लिहून परत पाठवतात. मागच्या महिन्यात तर मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर म्हणाले की हिला लिहिता येत नाही. दहावीपर्यंत माझं मराठी मीडियम, इंग्रजी कच्चं आहे. स्पोकन इंग्लिशचा क्लास लावू का? का एआयकडून लिहून घेऊ? का परत लाइनवरच जाऊ? सोबत एक रिपोर्ट जोडलाय, कंपनीचं आणि पार्टचं नाव काढलंय. माझं नाव छापू नका."

तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, लाइनवर परत जायचं डोक्यातून काढून टाक. तू पाठवलेला रिपोर्ट मी नीट बसून वाचला आणि शोधायचं जे काम आहे, जे खरं अवघड काम आहे, ते तू फार छान केलंयस. बुशचा बोअर, म्हणजे मधलं भोक, लहान का येतोय हे शोधताना गेजचं (मापायच्या साधनाचं) कॅलिब्रेशन बघितलंस, मशीनची हिस्ट्री काढलीस, तिन्ही शिफ्टच्या सेटरशी बोललीस, आणि इन्सर्टच्या (मशीनवर धातू कापणाऱ्या बदलत्या पात्याच्या) पाकिटावरचा ग्रेड बदललाय हे शेवटी तुझ्याच लक्षात आलं. इतकं खोलात जाणारी माणसं शॉपवर रोज भेटत नाहीत. आणि इंग्रजीही तू म्हणतेस तेवढं वाईट नाहीये, चुका आहेत, काही ठिकाणी काळ चुकलाय, पण असं एकही वाक्य नाही ज्याचा अर्थ मला लागला नाही. तरीसुद्धा शेवटपर्यंत वाचून मलाही तुझ्या सरांचाच प्रश्न पडला, की बरं, मग आता यांनी करायचं काय?

तुझा रिपोर्ट सुरू कसा होतो बघ. मंगळवारी सकाळी कस्टमरचा मेल आला, मग मीटिंग झाली, मीटिंगला कोण कोण होतं, मग गेज तपासला तो ओके निघाला, मग स्टोअरमधून सॅम्पल आणले, मग सेकंड शिफ्टच्या ऑपरेटरला विचारलं त्याला काही आठवत नव्हतं. असं करत करत दुसऱ्या पानाच्या मध्यावर इन्सर्ट येतो, आणि पार तळाला, जिथपर्यंत वाचायला कुणी उरलेलं नसतं तिथे, तू लिहिलंयस की त्याच बॅचचे ८०० पीस कस्टमरच्या स्टोअरला पडलेत, ते अजून तपासलेले नाहीत आणि उद्या सकाळी त्यांच्या लाइनवर जाणार आहेत. अगं, ही तुझी पहिली ओळ होती!

तू ज्या क्रमाने काम केलंस त्याच क्रमाने लिहिलंस. हे सगळेच करतात, कारण डोक्यात ते तसंच साठलेलं असतं आणि आपण केलेली धावपळ समोरच्याला दिसावी असंही आतून वाटत असतं, त्यात चूक काही नाही. पण वाचणाऱ्याला तुझा मंगळवार जगायचा नसतो, त्याला निर्णय घ्यायचा असतो. घरी फोन करून 'बाबांना ॲडमिट केलंय' सांगायची वेळ आली तर आपण आधी 'बाबा बरे आहेत, काळजी करू नका' म्हणतो आणि मग चक्कर कधी आली, रिक्षा कुठे मिळाली ते सांगतो की नाही, तसंच आहे हे. वाचणारा ज्या काळजीत आहे तिचं उत्तर आधी, गोष्ट नंतर.

तुझ्या सरांना काय काळजी असते? काय बिघडलं आणि किती पीस, खराब माल आत्ता कुठे कुठे आहे आणि थांबवलाय का, हे कशामुळे झालं, आणि माझ्याकडून कशाची परवानगी हवीय. बास, एवढंच. आता तुझाच रिपोर्ट मी वरच्या पाच-सहा ओळींत असा लिहिला असता:

"कस्टमरला बुशचे १२ पीस बोअर अंडरसाइज मिळाले, त्यात शाफ्ट बसत नाही. आपल्या स्टॉकमधले त्याच बॅचचे १,६४० पीस १०० टक्के तपासले, ३८ खराब निघाले, लाल बिनमध्ये वेगळे ठेवलेत. कस्टमरच्या स्टोअरला ८०० पीस न तपासलेले आहेत आणि ते उद्या सकाळच्या शिफ्टला लाइनवर जाणार आहेत. ते तिथे जाऊन तपासण्यासाठी आज संध्याकाळी दोन माणसं आणि गेज पाठवायला परवानगी हवी. कारण: नवीन ग्रेडचा इन्सर्ट लवकर झिजतो, पण टूल लाइफ काउंटर (किती पीसनंतर इन्सर्ट बदलायचा तो आकडा) जुन्याच ४०० पीसवर राहिला. काल सेकंड शिफ्टपासून काउंटर २५० वर आणलाय, त्यानंतर खराब पीस आलेला नाही."

यातलं एकही वाक्य मी मनाचं घातलेलं नाही, सगळं तुझ्याच दोन पानांत आहे, फक्त जागा बदलल्यात. आणि हे इंग्रजीत लिहायला कुठलंही अवघड इंग्रजी लागत नाही हे बघ. सरांनी एवढं वाचलं की ते लगेच फोन उचलू शकतात. खालची दोन पानं त्यांनी नंतर वाचली, कस्टमरच्या ऑडिटरने सहा महिन्यांनी वाचली, काही बिघडत नाही, पण ती राहू देत हं, उडवू नको, पुरावा तिथेच आहे. १९४० च्या ऑगस्टमध्ये, ब्रिटनवर बॉम्ब पडत असताना, चर्चिल यांनी आपल्या सगळ्या खात्यांना मुद्दाम एक छोटं टिपण पाठवलं होतं की रिपोर्ट फार लांब येतायत, मुख्य मुद्दे छोट्या छोट्या परिच्छेदांत द्या आणि किचकट कारणमीमांसा, आकडेवारी असेल ती परिशिष्टात टाका. युद्ध चालू असताना पंतप्रधानाला हे सांगावंसं वाटलं, यावरूनच समजून घे की हा तुझ्या एकटीचा किंवा मराठी मीडियमचा प्रॉब्लेम नाहीये.

मुद्दा तळाला पुरला गेला की काय होतं याचं एक उदाहरण सांगते, कारण ते आपल्या कल्पना चावलाशी जोडलेलं आहे आणि मला ते कधीच विसरता येत नाही. कोलंबिया यान १६ जानेवारी २००३ ला उडालं तेव्हा बाहेरच्या इंधनटाकीवरच्या फोमचा एक तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला. यान वर असतानाच इंजिनिअरांनी त्याचा अभ्यास केला आणि नासाच्या अधिकाऱ्यांसमोर स्लाइड ठेवल्या. त्यातल्या एका महत्त्वाच्या स्लाइडचं शीर्षक असं होतं की वाचणाऱ्याला वाटावं जुन्या चाचण्यांचा डेटा बघता आपण सुरक्षित बाजूला आहोत. आणि त्याच स्लाइडच्या अगदी खाली, बारीक अक्षरात, मुद्द्याच्या पोटातल्या मुद्द्यात लिहिलं होतं की आदळलेला तुकडा साधारण १,९२० घन इंचांचा आहे आणि चाचणीतला तुकडा होता ३ घन इंचांचा. म्हणजे ६४० पट! म्हणजे त्या चाचण्यांवरून या तुकड्याबद्दल काही सांगताच येत नव्हतं, आणि हे त्या पानावरचं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य सगळ्यात खाली होतं. १ फेब्रुवारीला परत येताना यान फुटलं, सातही जण गेले. चौकशी मंडळाने त्याच वर्षी आपल्या अहवालात या स्लाइडवर वेगळं लिहिलं, की वरिष्ठ अधिकाऱ्याने ती वाचली आणि जिवाशी गाठ आहे हे त्याच्या लक्षातच आलं नाही असं सहज होऊ शकतं. चांगली स्लाइड असती तर ते वाचलेच असते असं कुणी छातीठोक सांगू शकत नाही, आणि तुझ्या बुशची त्याच्याशी बरोबरी मी करत नाहीये, पण ती माहिती गोळा करणारे लोक हुशार होते, त्यांनी आकडा लपवला नव्हता, लिहिला होता, फक्त चुकीच्या जागी लिहिला होता. तुझे ८०० पीस वाचताना मला तेच आठवलं.

आता फॉरमॅटचं. तुझ्या कंपनीत एट डी, म्हणजे प्रॉब्लेम सोडवायची आठ टप्प्यांची पद्धत, वापरतात असं रिपोर्टवरून दिसतंय. फोर्डने १९८७ मध्ये टीमने मिळून प्रॉब्लेम सोडवण्याचं मॅन्युअल काढलं त्यातून ही पद्धत पसरली आणि आज चाकण, रांजणगाव, वाळूजला कुठल्याही कंपनीत जा, कस्टमर हेच मागतो. फॉरमॅट चांगला आहे पण लोक त्याला रकाने भरायचा फॉर्म समजतात. डी टू मध्ये प्रॉब्लेम काय, डी थ्री मध्ये तात्पुरतं काय थांबवलं, डी फोर मध्ये मूळ कारण, आणि तिथून पुढे कायमचा उपाय, तो लागू झाल्याचा पुरावा, परत होऊ नये म्हणून काय केलं, असं ते सरकत जातं. पण त्याच्या वर सरांसाठीच्या त्या पाच-सहा ओळी कुणी तुला लिहायला सांगत नाही, म्हणून त्या राहून जातात. फॉरमॅट कस्टमरचा असला तरी मेलमध्ये वर लिहायला कोण अडवतंय? मेलच्या विषयाच्या ओळीतसुद्धा 'कस्टमर कम्प्लेंट रिपोर्ट' असं लिहू नकोस, तसले त्यांच्याकडे ढीगभर पडलेले असतात, 'बुश बोअर अंडरसाइज: कस्टमरकडचे ८०० पीस आज तपासायला परवानगी हवी' असं लिही.

डी फोर मध्ये मात्र मला तुझं खटकलं, आणि हे मी जरा जोरात सांगणार आहे. दीड पान खपून इन्सर्टचं कारण तू शोधलंस, आणि मूळ कारणाच्या चौकटीत लिहिलंस 'ऑपरेटरच्या दुर्लक्षामुळे', खाली उपाय म्हणून 'ऑपरेटरला समज दिली, ट्रेनिंग दिलं'. का गं? बहुतेक सगळ्यांचे जुने रिपोर्ट तसेच असतात म्हणून. पण काउंटर ४०० वर कुणी ठेवला होता, ऑपरेटरने? परचेसने इन्सर्ट बदलला तेव्हा कुणी त्याला सांगितलं होतं? तो बिचारा रोज करतो तेच करत होता, आणि तो बहुतेक कॉन्ट्रॅक्टवर असेल, अशा एका ओळीने त्याचं पुढचं रिन्यूअल जाऊ शकतं. माणसाला दोष देणारं कारण लिहिताना दहादा विचार कर. नाव तर कधीच नाही. शिवाय कस्टमरचा जो अनुभवी माणूस असतो तो 'ट्रेनिंग दिलं' वाचलं की रिपोर्ट बाजूला ठेवतो, कारण उद्या ऑपरेटर बदलला की खराब पीस परत येणार हे त्याला माहीत असतं.

कारणं दोन लिहायची, खराब पीस का बनला आणि बनलेला पीस आपल्या गेटमधून बाहेर का गेला. पहिलं तू शोधलंयस. दुसऱ्याचं उत्तरही तुझ्याच रिपोर्टमध्ये आहे पण तुला ते दिसलेलं नाही. तू लिहिलंयस की इन्सर्ट बदलल्यावर पहिला पीस चेक होतो. बरोबर, आणि बदलायच्या आधीचा शेवटचा? बोअरिंगमध्ये इन्सर्ट झिजला की बोअर लहान होत जातो, म्हणजे सगळ्यात वाईट पीस नेमका बदलायच्या जरा आधीचा असणार, आणि तोच कुणी बघत नाही. नवीन इन्सर्ट लागला, पहिला पीस ओके, सगळे खूश, माल पुढे. हे दुसरं कारण, आणि याचा उपाय म्हणजे शेवटचा पीस चेक केल्याशिवाय इन्सर्ट बदलायचा नाही, तो खराब निघाला तर मागचे सगळे अडवायचे, आणि हे कंट्रोल प्लॅनमध्ये (काय, कधी तपासायचं त्या कागदात) लिहायचं. आणि इन्सर्टचं कारण खरंच आहे हे दाखवायचं असेल तर एक साधी चाचणी लाव, जुना इन्सर्ट लावून ४०० पीस काढ, नवीन लावून ४०० काढ, दोन्हीचे बोअरचे रीडिंग एका ग्राफवर टाक. नव्याची रेषा खाली घसरलेली आणि जुन्याची मर्यादेत असा तो एक ग्राफ तुझ्या एका अख्ख्या पानाचं काम करेल.

वाक्यांबद्दल थोडंसंच सांगते कारण तिथे तुझं फार बिघडलेलं नाहीये. 'काही पीस' नको, '१,६४० पैकी ३८'. 'लवकरात लवकर' नको, 'शुक्रवार दुपारपर्यंत, सेटर'. 'असे निरीक्षणास आले की' छापाचं इंग्रजी तू कुठून तरी उचललंयस ते पूर्ण काढून टाक, कुणी बघितलं ते सरळ लिही. एका वाक्यात एकच गोष्ट. फोटो टाकलायस तो छान आहे पण त्यावर बाण नाही आणि खाली ओळ नाही, त्यामुळे वाचणारा नुसता एक चकचकीत बुश बघत बसतो.

इंग्रजीचं आता. क्लास लावायचा तर लाव, मीटिंगमध्ये बोलायला उपयोग होईल, पण या दुखण्यावर तो इलाज नाही. रिपोर्टसाठी मी तुला वेगळंच सुचवते, वरच्या पाच-सहा ओळी आधी मराठीत लिही. कागदावर, हाताने, जशी तू बोलतेस तशा. मग स्टोअरच्या किंवा डिस्पॅचच्या कुणाला तरी वाचून दाखव, ज्याला या कम्प्लेंटचं काही माहीत नाही, आणि त्याला विचार की सांग बरं काय झालंय आणि आता काय करायचंय. त्याने बरोबर सांगितलं की मग इंग्रजीत कर. मराठीतच गोंधळ असेल तर तो इंग्रजीत जाऊन सुटत नाही, उलट झाकला जातो आणि आपल्याला वाटतं भाषा कमी पडली. आणि या कामाचं इंग्रजी असतं तरी किती, तपासलं, सापडलं, बदललं, वेगळं केलं, पाठवलं, भूतकाळातली साधी क्रियापदं आणि आकडे. कस्टमरने मान्य केलेले जुने रिपोर्ट तुझ्या कंपनीत फाइलला असतीलच, त्यातली चांगली वाक्यं वहीत उतरवून ठेव, थोड्या दिवसांत तीच तीच परत लागतायत हे लक्षात येईल.

एआयबद्दल विचारलंस. भाषा सुधारायला जरूर वापर, म्हणजे वाक्यं तुझी, आकडे तुझे, आणि त्याला फक्त व्याकरण नीट कर म्हणायचं. पण नुसता विषय देऊन 'एट डी लिहून दे' म्हणालीस तर ते न केलेल्या गोष्टीसुद्धा झोकात लिहून देईल, सगळ्या ऑपरेटरना ट्रेनिंग दिलं, सगळी गेज तपासली, आणि तू ते तसंच पाठवलंस की उद्या ऑडिटला कस्टमर ट्रेनिंगचं रेकॉर्ड मागणार तेव्हा उभं तुलाच राहायचंय. त्यामुळे ते जे देईल त्यातली एकेक ओळ आपण खरंच केलीय का ते तपास. आणि कस्टमरचं नाव, पार्ट नंबर, ड्रॉइंग असलं काहीही बाहेरच्या ॲपमध्ये टाकू नकोस, कंपनीचा नियम काय आहे ते आयटीला आधी विचार. मला पाठवताना तू नावं काढलीस तशीच काढत जा.

सरांचं. सगळ्यांसमोर ते जे बोलले ते चुकीचंच बोलले, त्याला मी दुसरं काही म्हणणार नाही. तीन वर्षं लाइनवर घालवलेल्या पोरीला पहिल्यांदाच लिहायचं काम दिलं तर शिकवायची जबाबदारी त्यांचीही होती. पण 'मुद्दा काय आहे?' हा प्रश्न मात्र तू अपमान म्हणून घेऊ नकोस, तो कामाचा प्रश्न आहे. पुढच्या कम्प्लेंटला असं कर, पूर्ण रिपोर्ट लिहायच्या आधीच त्या पाच-सहा ओळी घेऊन त्यांच्या टेबलाशी जा आणि म्हण, सर, एवढं मला सापडलंय आणि तुमच्याकडून हे हवंय, यात तुम्हाला अजून काय लागेल? दोन मिनिटांचं काम आहे. त्यांना कशाची चिंता असते, खर्चाची का कस्टमरच्या लाइन थांबण्याची, ते तुला तिथेच कळेल आणि पुढच्या वेळी ते वर लिहिता येईल. ते वैतागले तरी तू शांतपणे विचार, क्वालिटीच्या माणसाला समोरच्याच्या वैतागात उभं राहून माहिती काढायची सवय असतेच, ती तुला आहे हे तुझ्या रिपोर्टवरूनच दिसतं.

अजून एक, हे या रिपोर्टपुरतं. तो नवीन ग्रेडचा इन्सर्ट फक्त त्याच मशीनवर लागतोय का, हे तुझ्या दोन्ही पानांत कुठेही नाहीये. परचेसला विचारून बघ त्यांनी एकूण किती पाकिटं घेतली आणि टूल क्रिबमधून (टूलच्या स्टोअरमधून) ती कुठल्या कुठल्या मशीनला गेली, कारण दुसऱ्या मशीनवर दुसऱ्या पार्टचा काउंटरही अजून ४०० वरच असेल तर पुढची कम्प्लेंट आत्ताच बनतेय. ते उद्या पहिल्या शिफ्टला बघ, आणि काय सापडलं ते मला लिही, आधी मराठीत.